पोट आत, छाती पुढे

मास्तरांना ओळखणाऱ्या निम्म्या लोकांना त्यांचं खरं नाव ठाऊक नव्हतं. शाळेत ते कवायत शिकवायचे. रांगेत कुणाचं पोट जरा सुटलेलं दिसलं की शिट्टी वाजायची आणि शिट्टीच्या मागोमाग आवाज, "पोट आत! छाती पुढे!" पोरांनी त्यांचं नाव पोटआत मास्तर पाडलं. पोरांची पोरं शाळेत आली तरी तेच नाव चालू राहिलं. मास्तरांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तसं कबूल करणाऱ्यांतले ते नव्हते.

घर मैदानाच्या भिंतीला लागून होतं. त्यांची बायको, जिला सगळे काकू म्हणत, खिडकीशी शिलाई मशीन टाकून त्याच शाळेचे गणवेश शिवायची. दिवसभर आवाज भिंतीवरून घरात यायचा आणि संध्याकाळी आवाजाचे मालक स्वतः यायचे. मग चपला ओळीत, टॉवेल घडीवर, जेवण घड्याळावर. मास्तर निवृत्त झाले तेव्हा मैदान सुटलं आणि कवायत घरात आली. रांगेत उभं राहायला आता एकट्या काकूच होत्या. त्यांना भांडता येत नव्हतं अशातला भाग नाही. पण नगाऱ्याची घाई तिथे टिमकीचं काय, असं म्हणून त्या मशीनचं पायडल जरा जोरात मारायच्या आणि विषय संपवायच्या.

मग एका हिवाळ्यात मास्तरांना साधा ताप आला आणि तो छातीत उतरला. न्यूमोनिया. ते आधी ऑक्सिजनवर गेले, तिथून व्हेंटिलेटरवर, श्वास देणाऱ्या यंत्रावर गेले, आणि यंत्रावरून काही उतरेनात. गळ्याला भोक पाडून नळी बसवली. ताप गेला, फुप्फुसं निवळली, माणूस डोळे उघडून बघायला लागला, पण श्वास यंत्राचाच राहिला. छाती आणि पोट यांच्यामधला जो स्नायूचा पडदा श्वास ओढतो, त्याला इतके दिवस आयतं खायची सवय लागली होती. आणि गळ्यातल्या नळीमुळे हवा वर घशापर्यंत पोचतच नसल्यामुळे मास्तरांचा आवाज बंद झाला. ओठ हलायचे, बाहेर काही यायचं नाही.

त्यांना ज्या वॉर्डात हलवलं तिथे सगळेच असे. लांबट खोली, पॅसेजच्या बाजूला अख्खी काचेची भिंत, प्रत्येक खाटेशेजारी चाकांच्या गाड्यावर एक यंत्र आणि यंत्राच्या दांडीवरून लोंबणाऱ्या वळ्यावळ्यांच्या नळ्या. इथे माणसांना यंत्रापासून सोडवायचं काम चाले. रोज थोडा वेळ यंत्राचा जोर कमी करायचा आणि माणूस स्वतःच्या बळावर किती तगतो ते बघायचं. जे सुटायचे ते घरी जायचे. जे सुटायचे नाहीत त्यांना गावाबाहेर लांब एका केंद्रात पाठवत. तिथे यंत्र कायमचं, आणि भेटीला जायचं म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस. मोठ्या डॉक्टरांनी काकूंना ते आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. "महिनाअखेरपर्यंत प्रयत्न करू. नाही जमलं तर तिकडची खाट धरावी लागेल."

मास्तरांचा धाकटा भाऊ तिकडचं केंद्र बघूनही आला. "वहिनी, जागा स्वच्छ आहे. बाग आहे. तुम्ही तरी किती दिवस इथे खुर्चीवर बसणार?"

"बागेचं काय करू भाऊजी? ते काय बागेत फिरणार आहेत?"

भाऊजींनी घड्याळाकडे बघितलं. ते तसे चांगले होते. फक्त प्रत्येक गोष्टीचा निकाल लवकर लागलेला त्यांना बरा वाटायचा.

वॉर्डात व्यायाम घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट यायची. काटकुळी, केस आवळून बांधलेले, आणि तोंडात सदा एकच शब्द, "हळू." म्हणून सगळा वॉर्ड तिला हळूबाई म्हणायचा. ती रोग्यांकडून एक चिनी कसरत करून घेत असे. कसरतीचं नाव आठ रेशमी तुकडे. मूळ प्रकार उभ्याने करायचा, फार जुना. इथे तिने तो खाटेवर टेकून बसल्या बसल्या करण्याजोगा करून घेतला होता. दोन्ही तळहात वर नेत आभाळ उचलायचं. धनुष्य ताणायचं. एक हात वर, एक खाली. मान वळवून मागे बघायचं. सगळं इतकं सावकाश, की बघणाऱ्याला जांभई यावी. हाताबरोबर श्वास पोटात उतरू द्यायचा, हाताबरोबर सोडायचा. यंत्राची नळी ताणली जाऊ नये म्हणून ती स्वतः एका हाताने नळी सांभाळायची.

"याने यंत्र सुटतं?" काकूंनी विचारलं होतं.

"एवढ्यानेच नाही सुटत. पण हातापायात जीव येतो, आणि श्वासाला चाल सापडते. काहींना फार फरक पडतो, काहींना नाही पडत." हळूबाई खोटी आशा दाखवत नसे.

मास्तरांनी पहिल्या दिवशी तिचे हात बघितले, तोंड वाकडं केलं आणि ओठांनी एक शब्द म्हटला. काकूंना तो न ऐकताही कळला. "नाच." ज्या माणसाने एका शिट्टीत चारशे पोरांचे हात खटकन वर नेले, त्याला हे लोण्यातून सुरी ओढल्यासारखे हात बघवेनात. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळेच मिटून घेतले. हळूबाईने मग काकूंना खुर्ची ओढून समोर बसायला लावलं. "काकू, तुम्ही करा. माझ्याकडे नाही तर तुमच्याकडे तरी बघतील."

काकूंनी उभ्या जन्मात कवायत केली नव्हती. त्यांनी आभाळ उचललं ते वाळत घातलेली चादर उचलावी तसं. धनुष्य ताणताना कोपर खाली पडलं, मनगट लुळं झालं, आणि दोन हात दोन दिशांना गेले. मास्तरांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. थोडा वेळ त्यांनी सोसलं. मग त्यांचा उजवा हात, जो इतके दिवस पांघरुणावर ओल्या फडक्यासारखा पडून होता, थरथरत वर आला, कोपर खांद्याच्या रेषेत आलं आणि बोटं ताठ झाली. असं. असं असतं ते.

हळूबाई नळी धरून उभी होती. तिने नुसती नळी जरा सैल सोडली. बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर मात्र काकूंचा दंड धरून म्हणाली, "काकू, उद्यापण असंच चुका."

"त्यासाठी मला वेगळं काही करायला नको," काकू म्हणाल्या.

अशी कसरत सुरू झाली. काकू चुकायच्या, मास्तर सुधारायचे. मुठी वळून समोर रागाने बघायचं, असाही एक प्रकार होता. डोळे वटारायला मास्तरांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यात त्यांना पहिल्या दिवसापासून पैकीच्या पैकी होते. पंधरवड्यात त्यांचे हात खांद्याच्या वर जायला लागले, मान दोन्हीकडे वळू लागली. आणि एक दिवस काकूंच्या लक्षात आलं की आपण आता फारसं चुकत नाही, तरी मास्तर आपल्याकडे बघून हात हलवताहेत. त्या हात वर नेत, तेव्हा ते नेत. त्या थांबत, तेव्हा ते थांबत.

इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. काकूंना हे आवडायला लागलं होतं. नवरा बरा व्हावा असं त्यांना मनापासून वाटत होतं, तो दूरच्या केंद्रात यंत्राला बांधलेला राहील हा विचार त्यांना सोसवत नव्हता. पण त्याच वेळी हा जो समोरचा बिनआवाजाचा माणूस होता, आपल्या हाताकडे बघणारा, तो त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच भेटत होता. यंत्र सुटलं की आवाज येणार. आवाज आला की कोण येणार, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. असा विचार मनात आला की त्यांना स्वतःची लाज वाटायची. लाज वाटली म्हणून विचार काही यायचा थांबला नाही.

तिकडे चाचणीचं गाडं मात्र हलेना. मोठे डॉक्टर सकाळच्या फेरीला येत. उंच, शांत माणूस, हात पाठीमागे बांधून खाटेच्या पायथ्याशी उभे राहत. सिस्टर यंत्राचा जोर उतरवायची. जरा वेळ बरा जायचा, आणि मग मास्तरांची छाती भराभर वरखाली व्हायला लागायची, कपाळाला घाम फुटायचा आणि यंत्र टिटवीसारखं ओरडायचं. डॉक्टर मान हलवायचे. जोर पुन्हा वाढवायचा. पुन्हा उद्या.

"दुपारी माझ्यासमोर यंत्रावरचे आकडे कितीतरी चांगले असतात, सर," हळूबाई म्हणाली. डॉक्टर हेकट नव्हते. ते मुद्दाम दुपारी आले, कसरत झाल्या झाल्या. यंत्र तरीही ओरडलं.

"घाबरतात का ते तुम्हाला?" तिने विचारलं.

"मी काय केलंय?" डॉक्टर खरोखरच गोंधळले.

काकू ऐकत होत्या. घाबरणं हा शब्द त्यांना पटला नाही. मास्तर कुणाला घाबरल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फेरीच्या वेळी त्यांनी यंत्राकडे न बघता माणसाकडे बघितलं. डॉक्टर काचेच्या पलीकडे दिसले आणि मास्तरांच्या टाचा पांघरुणाखाली एकमेकींना लागल्या. हनुवटी वर. हात मांड्यांना चिकटून. छाती पुढे आणि पोट पार आत, पाठीला जाऊन टेकलेलं. शाळेत तपासणीला साहेब आले की मास्तर झेंड्याच्या खांबाशेजारी असेच उभे राहायचे. साहेब निघून जाईपर्यंत त्यांची पापणी हलायची नाही. मोठ्या माणसापुढे सैल राहणं त्यांना या जन्मात माहीत नव्हतं. आणि हळूबाई रोज घसा कोरडा करून सांगत होती ती गोष्ट नेमकी उलटी होती. पोट सुटू द्या, श्वासाला खाली जागा द्या.

काकूंनी त्या दुपारी हळूबाईला सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "म्हणजे ते सर्वांत जास्त मेहनत तिथेच घेताहेत! त्यांना सांगा ना काकू."

काकूंनी सांगितलं. "अहो, डॉक्टर आले की पोट आत ओढू नका." मास्तरांनी ओठ हलवले, नाही ओढत. "ओढता. मी बघितलं." मास्तरांनी काकूंकडे असं बघितलं, जसं बुटाची नाडी न बांधता मैदानावर आलेल्या पोराकडे बघायचे. त्यांच्या मते चाचणी म्हणजे तपासणीच होती. तपासणीला ढेपाळून बसायचं? हळूबाईने त्यांच्या पोटावर हात ठेवून समजावलं, चित्र काढून दाखवलं. तिच्यासमोर त्यांनी पोट सोडलंही. पण दुसऱ्या दिवशी काचेपलीकडे पांढरा कोट दिसला, टाचा जुळल्या, आणि शिकवलेलं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

महिना सरत आला. भाऊजी फोनवर म्हणाले, "वहिनी, तिकडे खाट धरून ठेवलीय. सोमवारी गाडी येईल." शनिवारी डॉक्टर शेवटची चाचणी घेणार होते.

शनिवारी काकू नेहमीसारख्या समोर खुर्चीवर बसल्या. आधी कसरत झाली. चांगली झाली. मग डॉक्टर आले, हात पाठीमागे बांधून पायथ्याशी उभे राहिले, सिस्टरने जोर उतरवला. काकूंना पांघरुणाखाली टाचांची हालचाल दिसली. हनुवटी वर गेली. पोट आत गेलं. छाती भराभर हलायला लागली. काकूंनी हात वर नेऊन आभाळ उचलायची खूण केली, पण मास्तर त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते डॉक्टरांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत होते, सोमवारच्या गाडीकडे, बागेकडे आणि बाकीच्या सगळ्या आयुष्याकडे छाती काढून निघालेले. यंत्राने पहिली टिटवी सोडली.

काकूंना राग आला. त्यांनी आधी काही योजलं नव्हतं. इतक्या वर्षांचा, पायडलखाली दाबलेला राग एकदम वर आला आणि त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.

"वि-श्राम!"

आवाज काचेवर आपटून परत आला. असला आवाज आपल्या गळ्यात आहे हे त्यांनाच माहीत नव्हतं. तो भिंतीपलीकडून ऐकून ऐकून आत साठला होता, त्यातली चढण आणि तोड तशीच्या तशी. चार खाटांवरचे रोगी वळून बघायला लागले. सिस्टरच्या हातातला रुमाल पडला. मोठ्या डॉक्टरांचा डावा पाय आपोआप बाजूला सरकला. तेही कधीतरी शाळेत गेले होते.

आणि मास्तर सैल पडले. हुकूम आला होता, आणि आलेला हुकूम मोडणं त्यांच्या हाडामासात नव्हतं. टाचा सुटल्या. खांदे खाली आले. पांघरुणाखाली पोट हलकेच वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. यंत्र गप्प झालं. हळूबाईने नळी धरली आणि पुटपुटली, "काकू, हात. हात चालू ठेवा." काकूंनी धनुष्य ताणलं. मास्तरांनी ताणलं. अर्धा तास झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सोमवारची गाडी नको. अजून इथेच राहू दे."

दुपारभर मास्तरांनी काकूंकडे बघितलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. काकूंनी ओळखलं की चारचौघांत बायकोने हुकूम सोडला, हे त्यांना लागलं आहे. त्यांना वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे त्यांना या वॉर्डात बसून कळायला लागलं होतं. त्यांनी माफी मागितली नाही. डबा उघडला, एकट्याच जेवल्या आणि डबा धुऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर काचेपलीकडे दिसले तेव्हा काकू खिडकीशी उभ्या होत्या. खाटेच्या कठड्यावर टकटक झाली. त्यांनी वळून बघितलं. मास्तरांच्या टाचा जुळलेल्या होत्या, पोट आत होतं, पण नजर डॉक्टरांकडे नव्हती. ती काकूंवर होती. ते थांबले होते.

"विश्राम," काकू म्हणाल्या. या वेळी ओरडावं लागलं नाही.

मग रोज तसंच होत गेलं. यंत्राशिवायची वेळ वाढत गेली, मध्ये दोनदा घसरली, पुन्हा वाढली. एका सर्दीने तर सगळं मुसळ केरात जायची वेळ आणली होती. पण उन्हाळा लागता लागता मास्तर दिवसभर स्वतःचा श्वास स्वतः घ्यायला लागले आणि यंत्र फक्त झोपेपुरतं उरलं. डॉक्टर म्हणाले, आता नळीवर बोलण्याची झडप बसवू. श्वास सोडताना हवा वर घशातून जाईल आणि आवाज येईल.

ज्या दिवशी झडप बसवायची त्या दिवशी वॉर्डात जरा गर्दीच झाली. भाऊजी आले. दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर थांबल्या. पहिला शब्द काय निघेल यावर हळूबाईची कुणाशी तरी पैज लागली होती. तिचं म्हणणं, दुसरं काय निघणार, 'पोट आत'.

काकू खुर्चीवर बसून होत्या. सगळे हसत होते, त्याही ओठ ताणून बसल्या होत्या. पण त्यांचं मन तिथे नव्हतं. घरातल्या चपलांची ओळ, टॉवेलाची घडी, घड्याळाचे ठोके, सगळं एकेक करून डोळ्यांपुढे येऊन उभं राहत होतं. इतके महिने ज्याच्यासाठी देव पाण्यात ठेवले होते, तेच आता काही क्षणांत येणार होतं आणि त्यांना उठून बाहेर जावंसं वाटत होतं.

डॉक्टरांनी झडप बसवली. "सावकाश. श्वास घ्या, आणि सोडताना बोला. काहीही."

मास्तर खोकले. डोळ्यांत पाणी आलं. घशातून घरघर निघाली, न वापरलेल्या नळाला आधी नुसती हवा यावी तशी. डॉक्टर वाकले, भाऊजी वाकले. मास्तरांनी दोघांना हाताने बाजूला केलं आणि मधल्या मोकळ्या जागेतून बायकोकडे बघितलं. त्यांचं पोट सावकाश वर आलं.

"अगं," ते म्हणाले. आवाज फाटका होता, जेमतेम खाटेच्या कडेपर्यंत येणारा. "बोलू का?"

भाऊजींना हसू फुटलं, सिस्टर हसल्या, हळूबाई पैज हरली. मास्तर हसत नव्हते. ते खरंच विचारत होते आणि उत्तर येईपर्यंत पुढे बोलणार नव्हते.

 संसारात हा प्रश्न काकूंना कधी कुणी विचारला नव्हता. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि खुर्ची खाटेजवळ ओढली.

"बोला," त्या म्हणाल्या. "मी ऐकतेय."